हाताचा गुण

भाऊसोच्या हाताला गुण आहे, असं सगळा कवठे महांकाळ तालुका म्हणायचा. तालुका म्हणजे तालुक्यातली मेंढरं राखणारी माणसं. बाकीच्यांना भाऊसो कोण हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण या माणसांत त्याचा शब्द चालायचा. एखादं मेंढरू मान वाकडी करून जागच्या जागी गोल फिरायला लागलं, कुडाला धडकायला लागलं, की सरकारी डॉक्टरच्या आधी भाऊसोला फोन जायचा. भाऊसो मोटरसायकलवरून यायचा, मेंढराच्या गळ्याला दोरी आवळायचा, मानेची शीर टरारून वर आली की तिला बारीक चीर द्यायचा, वाटीभर काळं रक्त जाऊ द्यायचा आणि दोरी सोडायचा. मेंढरू उठून उभं राहायचं. म्हणजे काही राहायची, काही नाही राहायची. उठलेल्या मेंढराची गोष्ट पाच गावांत व्हायची आणि न उठलेल्याचं मटण व्हायचं.

त्याची एकच अट असायची. शीर सोडल्यावर त्या जनावराला दुसऱ्या कुणाचं औषध द्यायचं नाही. गोळी नाही, सुई नाही, झाडपालाही नाही. एका जीवावर दोन हात पडले की दोन्हींचा गुण जातो, असं त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. मेंढरू मेलंच तर भाऊसो शांतपणे विचारायचा, "दुसरं काय दिलतंस का?" आणि समोरचा मान खाली घालायचा, कारण काळजीपोटी कुणी ना कुणी काही ना काही दिलेलं असायचंच. त्यामुळं भाऊसोचा हात कधी चुकायचाच नाही. मोठी सोयीची अट होती ती. पण ती आपल्या सोयीची आहे, हे भाऊसोला कधी कळलं नाही. त्याचा तिच्यावर खरोखर विश्वास होता, आणि सगळा घात तिथंच झाला.

त्याची लेक सोनिया शहरात, विश्रामबागला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवायची. मेंढरांमागं हिंडलेल्या घरातली पहिली शिकलेली मुलगी. खोली घेऊन एकटी राहायची, शनिवारी संध्याकाळी एसटीनं गावी यायची, सोमवारी पहाटे परत जायची. भाऊसो गावात कुणाला काही सांगायचा नाही, पण तिची एसटी यायच्या वेळी त्याचं फाट्यावर काहीतरी काम निघायचंच.

तिचा डावा डोळा आधी अंधारला. काही दिवसांनी अर्धामुर्धा परत आला. मग पायाला मुंग्या, मग डावा पाय फरफटायला लागला. मिरजेच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची स्वतःची फौज चुकून स्वतःच्याच नसांवरचं वेष्टण खाते, असं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. "हा बरा होत नाही, पण आवरून धरता येतो," त्या म्हणाल्या आणि आठवड्याला एक इंजेक्शन लिहून दिलं.

ते औषध म्हणजे एका बाटलीत चिमूटभर पूड आणि दुसरीत पाणी. पाणी पुडीत सोडायचं, हलकेच फिरवायचं आणि मांडीत टोचायचं. सोनियाचा हात थरथरायचा, म्हणून हे काम भाऊसोनं अंगावर घेतलं. मेंढरांची लसही अशीच मिळते, पूड वेगळी आणि पाणी वेगळं, त्यामुळं त्याला काही नवीन शिकायचं नव्हतं. मिरजेहून औषध आणायला त्यानं लस आणायचा बर्फाचा थर्मासच घेतला. त्याच्या बायकोनं, हरणाबाईनं, तो तीनदा राखेनं घासून दिला.

"आबा, बघून भरा हां," सोनिया चिडवायची. "चुकून मेंढराची लस टोचशीला, आन मी वर्गात बें बें करत बसंन."

"मग पोरं तरी ऐकतील तुजं," भाऊसो म्हणायचा.

रविवारी दुपारी इंजेक्शन द्यायचं आणि दिवेलागणीला तिला ताप भरायचा. हुडहुडी भरून दात वाजायचे, दोन घोंगडी घातली तरी खाट हलायची. सकाळी ताप उतरायचा आणि ती पिवळ्या तोंडानं एसटीत चढायची. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, या औषधाचा ताप येतोच, घाबरू नका. भाऊसो घाबरत नव्हता. त्याला राग यायचा. पाय तर फरफटतोय तसाच फरफटतोय, वर हा ताप. एकदा न राहवून त्यानं विचारलं, "बाई, गुण कवा येणार हेचा?"

"हे गुण देणारं औषध नाही, काका. आहे ते टिकवणारं आहे."

भाऊसोला हे काही पचलं नाही. आयुष्यभर त्यानं एकच पाहिलं होतं, मेंढरू उठतं किंवा उठत नाही. काहीच न करणारं औषध आणि त्याचा दर आठवड्याला ताप, हे कसलं शहाणपण, असं तो हरणाबाईजवळ पुटपुटायचा.

अशात त्याला साताऱ्याच्या जयराजचा नंबर मिळाला. या जयराजच्या बहिणीला हाच आजार होता. परराज्यातल्या एका हॉस्पिटलात तिच्या मानेच्या शिरा रुंद करून आणल्या होत्या, आणि तेव्हापासून जयराज त्या हॉस्पिटलासाठी माणसं जमवत होता. साताऱ्यात पोवई नाक्याच्या पुढं एका हॉलमध्ये त्यानं बैठक ठेवली होती. भाऊसो लेकीला घेऊन गेला.

पडद्यावर माणसाची मान दाखवली. मानेतल्या दोन शिरा दाखवल्या, एक बारीक झालेली. मेंदूतलं रक्त खाली उतरायला वाट नाही, ते डोक्यात तुंबतं आणि नसांची नासाडी करतं, असं त्या हॉस्पिटलचा माणूस सांगत होता. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर सरकवायची, तिच्या टोकाचा फुगा मानेत फुगवायचा, शीर रुंद करायची, झालं. भाऊसो खुर्चीत ताठ बसला. इतकी वर्षं डॉक्टर लोक त्याच्याशी परकी भाषा बोलत होते आणि आज पहिल्यांदा कुणीतरी त्याची भाषा बोललं होतं. मानेची शीर आणि डोक्यात तुंबलेलं रक्त. आपण अडाणी नव्हतो, आपल्या बापाला हे ठाऊकच होतं, असं वाटून त्याचा ऊर भरून आला. शेवटी जयराजची बहीण चाकाच्या खुर्चीतून उठली, स्टेजपर्यंत चालत गेली आणि परत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसोनं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

परतीच्या एसटीत सोनिया खिडकीशी बसली होती. कराड मागं पडल्यावर म्हणाली, "आबा, हे मी वाचलंय आधीच. परदेशात हेची परीक्षा घेतल्या. निम्म्या लोकांची शीर खरंच फुगवली. निम्म्यांस्नी नुसतंच टेबलावर झोपवलं, नळी घातल्यागत केलं आन सोडलं. कुणाचं काय केलंय ते त्यांस्नी सांगितलंच न्हाई."

"मग?"

"दोघांस्नीबी सारखंच बरं वाटलं."

भाऊसोनं विचार केला. "दोघांस्नीबी वाटलं न्हवं? मग वाईट काय त्यात?"

सोनिया हसली. खूप दिवसांनी हसली. "आबा, बरं वाटणं आन बरं हुणं येगळं असतंय."

"मेंढराला वाटत-बिटत न्हाई, बाई. ते उठतंय न्हाईतर न्हाई उठत. माज्या हातनं किती उठली, इचार कुणालाबी."

"आन न उठलेली मोजलीसा कवा?"

भाऊसो रुसल्यासारखा समोरच्या सीटकडं बघत बसला. त्याला वाटलं, एवढं शिकून पोरगी उलट बोलायला शिकली. गणिताच्या बाईनं साधा हिशेब विचारला होता, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तर स्पष्ट नको म्हणून सांगितलं. विषय तिथंच संपला असता, पण क्लासचा वर्ग वरच्या मजल्यावर गेला आणि एक दिवस सोनिया जिन्यात पडली, पोरांच्या देखत. तिच्याच वर्गातल्या दोघींनी तिला उठवून बसवलं. संध्याकाळी क्लासच्या मालकांनी फार गोड आवाजात सुचवलं की काही महिने घरूनच ऑनलाइन शिकवा ना, मॅडम. त्या शनिवारी ती गावी आली, जेवली नाही, आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "चला आबा, जाऊया. खरं एक सांगते. इंजेक्शन थांबवायचं न्हाई. हे करून आलं तरी दर रविवारी ते द्यायचंच. कबूल?"

"कबूल," भाऊसो म्हणाला.

तिनं शपथ घातली नाही. बापाला कोण शपथ घालतं?

खर्चापायी निम्मी मेंढरं विकली गेली. फुगा फुगवून झाला. तिकडच्या डॉक्टरनं पडद्यावर आधीची बारीक शीर आणि नंतरची रुंद शीर शेजारी शेजारी दाखवली, आणि भाऊसोनं हात जोडले. बाहेर आल्यावर त्यानं सोबत आलेल्या जयराजला बाजूला घेतलं. जयराज फोनवर रिक्षा बोलवत होता.

"आवं, आता ती आठवड्याची सुई द्यायची का कसं?"

"आता शीरच मोकळी झाली म्हटल्यावर काय गरज पडतीय, मामा," जयराज म्हणाला आणि रिक्षावाल्याला गेट नंबर सांगायला लागला.

जयराज कपड्याच्या दुकानात काम करायचा. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळतं असं तो म्हणालाही नव्हता. पण भाऊसोला तेवढं पुरलं, कारण हेच त्याच्या मनात आधीपासून होतं. शीर मोकळी झाली, म्हणजे एक हात पडला. आता वर दुसरा हात पडला की दोन्हींचा गुण जाणार. निम्मा कळप जाऊ दे, पण लेकीचा गुण त्याला घालवायचा नव्हता.

परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी त्यानं नेहमीसारखा थर्मास उघडला. सोनिया बाहेर खाटेवर आईशी बोलत होती. त्यानं पाठ वळवून सुई भरली. फक्त पाणी भरलं. पुडीची बाटली न फोडता खिशात टाकली आणि नंतर लोकर कातरायच्या कातऱ्यांच्या ट्रंकेत, फडक्याखाली ठेवून दिली. फेकायला हात धजला नाही, शेवटी औषध होतं. बाहेर येऊन त्यानं लेकीच्या मांडीत ते पाणी टोचलं, इतक्या हलक्या हातानं की ती बोलता बोलता थांबलीही नाही.

त्या संध्याकाळी ताप आला नाही.

सोनिया वाट बघत बसली. घोंगडी काढून ठेवलेली तशीच राहिली. जेवणं झाली, भांडी झाली, तरी दात वाजेनात. "आबा," ती म्हणाली, "ताप न्हाई आला आज."

"मी म्हणलं न्हवतं?" भाऊसो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की ती बघतच राहिली.

पुढच्या रविवारीही आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दर रविवारी पाणी, दर रविवारी एक बाटली ट्रंकेत. आणि सोनियाला बरं वाटत होतं, हे खोटं नव्हतं. थकवा गेला, बोटं उबदार झाली. काठी न घेता ती बांधापर्यंत जाऊन आली. हरणाबाईनं गावात पेढे वाटले. ज्या मुलीनं एसटीत बापाला परीक्षा समजावून सांगितली होती, तीच आता न आलेल्या तापाला पुरावा मानायला लागली. आठवड्याचं औषध चालू असताना ताप येत नाही, म्हणजे आत काहीतरी सुधारलंय, असं तिनं मनाशी मांडलं. मांडणी चोख होती, फक्त त्यातली एक बाब तिला ठाऊक नव्हती. ती पुन्हा वर्गावर जायला लागली. हळू, पण जिना चढून.

ते दिवस भाऊसोच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. हे सांगायलाच हवं, कारण पुढं जे झालं त्यानं ते दिवसही नासवले.

उन्हं तापायला लागली तेव्हा सोनियाची मान जड व्हायला लागली. सकाळी उठली की चेहरा एका बाजूनं सुजलेला असायचा. उशी बदलून बघितली. मग एक दिवस फळ्यावर गणित मांडता मांडता तिला स्वतःच लिहिलेले आकडे दिसेनात. तिनं मागं वळून पोरांना विचारलं, लाइट गेली का? लाइट होती. ती खाली बसली आणि तिला उठता आलं नाही.

मिरजेला आठ-पंधरा दिवस गेले. स्टिरॉइड चढवली. उजव्या डोळ्यात उजेड आणि सावल्या एवढं परत आलं. डावा आधीच अर्धा होता, तो उरलेलाही गेला. पाय हलेनात. मानेची सोनोग्राफी झाली, आणि ज्या शिरेत फुगा फुगवला होता तिच्यात रक्ताची गुठळी धरलेली निघाली.

"आधी तिच्या शिरेत दोष नव्हता," डॉक्टरीणबाई भाऊसोला म्हणाल्या. "माणसा-माणसाची शीर थोडी कमी-जास्त रुंद असते, तुमची-माझी पण. त्याचा या आजाराशी संबंध नाही. ती शीर चांगली होती, काका. आता बंद झालीय."

भाऊसोनं बाहेर व्हरांड्यात येऊन जयराजला फोन लावला. त्याला भांडायचं होतं. जयराजनं सगळं ऐकून घेतलं.

"मामा, ताईचंबी परत बंद झालं," तो म्हणाला. "परत जाऊन करून आलो. परत बंद झालं. आता ती झोपूनच हाय. मी ते काम सोडलं."

"आन त्या दिवशी चालली ती?"

"चालली की. खरंच चालली. मी काय खोटं दाखवलं न्हाई. आठवड्यानं बसली ती बसलीच."

भांडायला कुणी उरलं नाही. भाऊसो फोन हातात धरून बाकावर बसला. गुठळी फुग्यानं झाली. पण डोळा आणि पाय? ते त्या फुग्यानं गेले का कशानं, हा प्रश्न त्याच्या मनात पहिल्यांदा आला. त्यानं तो विचार झटकून टाकला. दोन दिवस टाकला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. सोनिया चाकाच्या खुर्चीत होती, डोळे उघडे, बाईंच्या आवाजाकडं मान केलेली.

"सोनिया, तू इंजेक्शन एकही चुकवलेलं नाहीस," बाई म्हणाल्या. "ते चालू असताना एवढा मोठा ॲटॅक आला, याचा अर्थ ते आता तुझ्यावर चालत नाही. त्याच्यापेक्षा जोरकस औषध द्यावं लागेल. पण ते सगळी प्रतिकारशक्ती खाली आणतं. तुझी आत्ताची अवस्था आणि ही गुठळी बघता मला भीती वाटते. पण दुसरा मार्ग दिसत नाही."

"किती धोका हाय?" सोनियानं विचारलं.

बाई उत्तर द्यायच्या आधी भाऊसो म्हणाला, "त्ये औषध चालत न्हाई असं न्हाई, बाई."

दोघींनी त्याच्याकडं तोंड वळवलं. त्यानं मांडीवरची पिशवी उघडली. विचार झटकला तरी मधल्या दिवशी गावी जाऊन त्यानं ती ट्रंकेतून आणली होती. आत फडक्यात गुंडाळलेल्या बाटल्या होत्या, पुडीच्या, एकीचंही बूच न फोडलेल्या. त्यानं त्या टेबलावर ठेवल्या. काचेवर काच वाजली.

"मी नुसतं पाणी टोचलं," तो म्हणाला. "तिकडनं आल्यापासनं. तिला ठावं न्हाई. एका जीवावर दोन हात नको म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी एक बाटली उचलून बघितली आणि खाली ठेवली. मग सोनिया म्हणाली, "म्हणून ताप येत नव्हता." गणिताचं उत्तर शेवटी जुळावं तशी ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर भाऊसोला बरं वाटलं असतं.

"ते औषध काम करत होतं, काका," बाई हळू म्हणाल्या. "ते सुरू केल्यापासून तिला एकही नवीन ॲटॅक आला नव्हता."

"पर गुण दिसत नव्हता, बाई. कवाच दिसला न्हाई."

"न झालेली गोष्ट कशी दिसणार?"

भाऊसोला हे आता कळलं. एसटीत लेकीनं विचारलेलंही कळलं. कळून उपयोग नव्हता, आणि उपयोग नाही हेही त्याला चांगलं कळत होतं.

सोनियाला गावी आणलं. ओसरीत तिची खाट टाकली. विश्रामबागची खोली सोडली. तिची पुस्तकं हरणाबाईनं एका पोत्यात भरून माळ्यावर टाकली, कारण ती समोर दिसली की हरणाबाईला रडू यायचं, सोनियाला तर ती दिसतच नव्हती. नवऱ्याला हरणाबाई एक शब्द बोलली नाही. वेळेवर ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि आत निघून जायची.

एक दिवस मळ्यातला कोंडीबा मेंढरू घेऊन आला. पैदाशीचं, जातिवंत माडग्याळी मेंढरू, पण मान वाकडी करून गोल फिरत होतं. "भाऊसो, बघ रं गड्या जरा," तो म्हणाला. भाऊसोनं सवयीनं दोरी आणली, गुडघ्यात मेंढराची मान धरली, फास आवळला. शीर टरारून वर आली.

"कोंडीबामामा," खाटेवरून सोनियाचा आवाज आला. "आबांनी शीर सोडलेली किती उठली असतील आजवर?"

"लय उठली की, पोरी. लय उठली."

"आन न उठलेली?"

"त्यांचं काय ध्यानात ऱ्हातंय व्हय?" कोंडीबा म्हणाला. त्याला वाटलं, आंधळी पोर बिचारी गप्पा मारतीय.

भाऊसोच्या हातातलं पातं तसंच राहिलं. मग त्यानं फास सैल केला, दोरी गुंडाळली आणि म्हणाला, "दवाखान्यात ने ह्येला. मला येत न्हाई." कोंडीबा तोंडाकडं बघत राहिला. भाऊसो आत गेला आणि दोरी चुलीत घातली. ती ओलसर होती, नीट जळलीही नाही, घरभर धूर झाला.

गुठळीच्या गोळ्या लागू पडल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा जुनंच इंजेक्शन सुरू करायला सांगितलं. जे गेलं ते परत यायचं नाही, पण अजून हात आहेत, गिळता येतंय, बोलता येतंय, ते टिकवायला हवं, असं त्या म्हणाल्या. प्रश्न आला तो, द्यायचं कुणी. हरणाबाईला सुईकडं बघवायचंही नाही. नर्सबाई दूरच्या गावात, रविवारी यायच्या नाहीत.

"तुमीच द्या," सोनिया म्हणाली. "दुसरं कोण हाय?"

भाऊसोनं थर्मास धुतला. मिरजेला जाऊन बर्फात घालून औषध आणलं. रविवारी दुपारी तो तिच्या खाटेशेजारी बसला, पाठ न वळवता, तिच्यासमोर. पुडीत पाणी सोडलं, फिरवलं, सुईत ओढलं. रिकामी बाटली तिच्या तळहातावर ठेवली.

"बघ, बाई. मोकळी हाय. सगळी पूड घेतली."

सोनियानं बाटली चाचपली, बोटांत फिरवली आणि परत दिली. "काचच लागती हाताला," ती म्हणाली. "टोचा."

त्यानं टोचलं. हात आता हलका राहिला नव्हता. ती ओठ चावून पडून राहिली.

मग दोघं वाट बघायला लागले. ऊन ओसरीतून मागं सरकलं. हरणाबाईनं दोन घोंगडी आणून पायथ्याशी ठेवली आणि ती आत गेली. भाऊसो उंबऱ्यावर बसला होता. ज्या तापाचा त्यानं इतका राग केला, त्याच तापासाठी आता तो मनातल्या मनात बिरोबाला हात जोडत होता. पोरीला ताप भरू दे, दात वाजू दे, खाट हलू दे. त्याला ठाऊक होतं त्यानं आज काय टोचलंय. पण तिला ते ठाऊक व्हायला दुसरी वाटच नव्हती. तिला दिसत नव्हतं, आणि त्याच्या शब्दाचा आता तिला काही उपयोग नव्हता. सोनिया छपराकडं तोंड करून निपचित पडली होती, अंगात काय होतंय ते ऐकत.

गुरं परत आली. शेजारी दिवा लागला. भाऊसोला बसवेना आणि उठवेनाही.

"आबा," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. तिचे दात एकमेकांवर वाजत होते.

"व्हय, बाई."

"आला. जावा आता, जेवा."

भाऊसो उठला. दोन्ही घोंगडी त्यानं तिच्या अंगावर घातली, कडा पायाखाली खोचल्या. खाट हलायला लागली होती. कपाळ किती तापलंय बघावं म्हणून त्यानं हात पुढं केला. तिला तो दिसला नसणार, पण जवळ आलेला कळला असावा. तिनं मान भिंतीकडं वळवली.

"हात नको," ती म्हणाली. "आला म्हणलं न्हवं."

त्यानं हात मागं घेतला. आत हरणाबाईनं ताट वाढून ठेवलं होतं. तो जाऊन ताटासमोर बसला. ओसरीतून खाटेचा आवाज येत होता. आता दर रविवारी असंच होणार होतं.